सूर्यवंशींची झोप

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २८, पुण्यात आयटीत नोकरी. रात्री अडीच-तीनच्या आधी डोळ्याला डोळा लागत नाही. अकरालाच दिवे मालवून पडून पाहिलं, तर कूस बदलण्यातच तीन वाजतात. सुट्टीत तीनला झोपलं की अकराला आपोआप जाग येते, आणि तेव्हा अंग हलकं, डोकं लख्ख. आता नव्या टीमची मीटिंग रोज साडेनऊला, लग्न सहा महिन्यांवर, आणि आईचं पालुपद एकच, "सासरी कसं व्हायचं तुझं?" पहाटे पाचला उठायचा निश्चय सात-आठदा केला, दरवेळी चौथ्या-पाचव्या दिवशी मोडला. विचारलंय ते एवढंच: माझ्यात काही दोष आहे की हा नुसता आळस? आणि हे बदलतं का?

मी झोपेच्या तक्रारींचे रुग्ण बघायला लागून वीस वर्षं होऊन गेली. शिवाय मी स्वतः सूर्यवंशी आहे. इतिहासातला नाही, घराघरात टोमणा म्हणून म्हणतात तो. रेसिडेन्सीच्या काळात सकाळी साडेसातच्या राउंडला वॉर्डातल्या खांबाला टेकून मी उभ्याउभ्या झोपलो होतो, आणि हातातल्या केसपेपरवर पेनाची रेघ पार खालपर्यंत ओढली गेली होती. त्या रेघेवरून सरांनी जे सुनावलं ते अजून पाठ आहे. तेव्हा हे उत्तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाचं आहे असं समजा.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य सुट्टीचं आहे. तीन ते अकरा छान झोप लागते. खऱ्या निद्रानाशात सहसा असं होत नाही. तिथे सुट्टी मिळाली तरी झोप बहुधा तुटकच असते. तुमची झोप सलग आहे, गाढ आहे, पुरेशी आहे. माल उत्तम, पोचतोय उशिरा. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमधल्या एलियट वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा रुग्णांचं नीट वर्णन केलं आणि या प्रकाराला 'डिलेड स्लीप फेज', म्हणजे उशिराकडे सरकलेली झोप, हे नाव दिलं. त्याआधी ही मंडळी निद्रानाशाच्या रांगेत उभी केली जायची आणि झोपेच्या गोळ्या खायची. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच चालतं.

याला आजार कधी म्हणायचं? किमान तीन महिने असंच चाललेलं असेल आणि त्यापायी नोकरी, शिक्षण किंवा तब्येतीचं नुकसान होत असेल, तर. नुकसान काहीच नसेल तर ती तुमची ठेवण. डावखुरेपणासारखी. राहिला आळस. आळशी माणूस सुट्टीत बारा तास लोळतो. तुम्ही आठ तासांत गजराशिवाय उठता.

आता आत काय चालतं ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचे उपाय म्हणजे आणखी एक उपदेश वाटेल. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. ते शरीराचं मुख्य घड्याळ. बाहेरचा उजेड-अंधार काढून घेतला, तर हे घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा जरासं जास्त, दहा-बारा मिनिटांनी लांब चालतं. म्हणजे माणूस मुळातच रोज थोडा मागे पडणारा प्राणी. सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ती मिनिटं वसूल होतात. काहींचं घड्याळ याहून लांब असतं, काहींचे डोळे संध्याकाळच्या उजेडाला जास्त भुलतात, आणि बऱ्याच जणांमध्ये दोन्ही थोडंथोडं असतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायकल यंग यांच्या प्रयोगशाळेने 'क्राय-१' नावाच्या जनुकातला एक बदल शोधला; तो ज्यांच्यात आहे त्यांचं घड्याळ अर्ध्या तासाने लांब चालतं. (त्याच वर्षी यंग यांना शरीराच्या घड्याळाच्या कामासाठी विभागून नोबेलही मिळालं, पण ते फळमाश्यांवरच्या जुन्या कामासाठी.) सगळ्या उशिरा झोपणाऱ्यांत हा बदल सापडत नाही. घराण्यात विचारा मात्र. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्यांना तरी एखादा 'रात्री दोनला पुस्तक वाचत बसणारा काका' आठवतो.

अकराला पडून झोप का येत नाही? इथेच बहुतेकांची फसगत होते. दिवसभर जागून झोपेचं ओझं साचत जातं, तेव्हा रात्री ते जास्तीत जास्त असणार हे खरं. पण हे घड्याळ त्या ओझ्याविरुद्ध जोर लावत असतं, आणि तो जोर नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त असतो. तुम्ही तीनला झोपणाऱ्या, म्हणजे साधारण बारा ते दोन हा तुमचा दिवसातला सगळ्यात टवटवीत काळ. दुपारी पेंगणारी माणसं रात्री बाराला कपाट आवरायला घेतात ती याच जोरावर. त्याच्या तोंडावर अकराला तुम्ही दिवे मालवता. झोप येणार कुठून? उलट चार तास छताकडे बघत पडल्यामुळे मेंदूला एक नवीन धडा मिळतो: पलंग ही काळजी करायची जागा आहे. मूळची सरकलेली झोप, वर हा शिकवलेला निद्रानाश. दवाखान्यात येईपर्यंत बहुतेकांच्या अंगावर दोन्ही थर असतात.

आणि पहाटे पाच. तुमचा निश्चय का मोडतो याचं कारण मनोबल नाही, उजेडाचं गणित आहे. नैसर्गिक जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. तो दिवसाच्या चक्रातला वळणबिंदू. त्यानंतर डोळ्यात गेलेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. त्याच्या आधी गेलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो. लवकर झोपणाऱ्याचा हा बिंदू पहाटे चारच्या सुमाराला येतो, म्हणून त्याला सहाचं ऊन मानवतं. तुमची जाग अकराची, म्हणजे हा बिंदू आठ ते नऊच्या मध्ये. तुम्ही पाचला उठून सहाला टेकडीवर जाता तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबात मध्यरात्र आहे, आणि ते कोवळं ऊन तुमची झोप आणखी उशिरावर टाकतं. लोकांची साखरझोप पहाटेची. तुमची साखरझोप साडेआठची. चौथ्या दिवशी कोसळणं हे त्यात लिहिलेलंच आहे.

त्यात आपला महाराष्ट्र देशाच्या पश्चिमेला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि पुणं त्याच्या इतकं पश्चिमेला की इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. मुंबईत ३९ मिनिटं, नागपुरात जेमतेम १४. मुंबईने स्वतःची वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली होती, ती याच ३९ मिनिटांची. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातनंतर होतो. म्हणजे साताची शाळा, साडेसातची शिफ्ट गाठायला इथे घरून अंधारातच निघावं लागतं. नागपूरची मंडळी पुण्यात आली की पहिल्या हिवाळ्यात 'इकडे सकाळच होत नाही' म्हणतात, ते काही उगाच नाही.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या: तुमचं घड्याळ खरंच उशिराचं आहे, की तुमच्या रात्री उजेडाने लांबवल्या आहेत? कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक छोटा पण छान प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. विजेचा दिवा नाही, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. त्यांची घड्याळं सुमारे दोन तासांनी अलीकडे आली, आणि उशिरा झोपणारे सगळ्यात जास्त सरकले. हा प्रयोग फुकट करता येतो. गावाकडे किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीत चार-पाच दिवस राहा, फोन बंद करून. चौथ्या रात्री दहा-साडेदहाला डोळे मिटायला लागले तर तुमचं बरंचसं काम ट्यूबलाइट आणि मोबाइलच करत होते. तिथेही बारा वाजेपर्यंत चांदण्या मोजत बसलात तर घड्याळ मुळातच तसं आहे. बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात.

एक तिसरा गटही असतो आणि तो आयटीत फार. दिवसभर दुसऱ्यांच्या मीटिंगा, मग घरकाम, आणि रात्री अकरानंतर मिळणारा एकुलता एक स्वतःचा वेळ. झोप आलेली असते, पण तो वेळ सोडवत नाही. हा घड्याळाचा प्रश्नच नाही. त्याला माझ्याकडे औषध नाही; दिवसात कुठेतरी तासभर स्वतःसाठी काढावा लागतो, तो काढला की रात्र आपोआप आवरते. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, पण स्वतःला विचारून बघा.

आता करायचं काय. नियम मी रुग्णांना एकाच वाक्यात सांगतो: झोपायची वेळ तुमच्या हातात नाही, उठायची आहे. झोप ओढून आणता येत नाही. जाग आणता येते, उजेड आणता येतो, आणि बाकीचं शरीर मागून येतं.

चिंचवडची एक ग्राफिक डिझायनर दोन वर्षांपूर्वी आली होती, तुमच्याच वळणाची. तिला मी पहिल्या दिवशी कुठलंच औषध दिलं नाही, आलेखाची वही दिली. एक दिवस म्हणजे एक ओळ, एक तास म्हणजे एक चौकट. झोपेच्या चौकटी पेन्सिलीने काळ्या करायच्या, पलंगावर जागं पडलेल्या चौकटींत तिरकी रेघ, चहा-कॉफीला ठिपका. पंधरा दिवसांनी ती वही टेबलावर उघडली तेव्हा काही सांगायची गरजच राहिली नव्हती. सोमवार ते शुक्रवार चार-साडेचार तासांचे काळे तुकडे, त्यांच्या आधी रेघांचं रान, आणि शनिवार-रविवारी काळी पट्टी धाडकन उजवीकडे सरकून दुपारी एकपर्यंत गेलेली. सोमवारी पुन्हा डावीकडे. म्हणजे बाई दर शुक्रवारी रात्री दोन-तीन देश ओलांडून जात होत्या आणि रविवारी रात्री परत येत होत्या, फक्त विमानात न बसता. याला संशोधक 'सोशल जेटलॅग' म्हणतात. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये हा शब्द रूढ केला.

तिचा फ्लॅट पश्चिमेला तोंड असलेला, सकाळी खोलीत उजेडच नाही. तिने काय केलं? चहाचा थर्मास आणि मोढा घेऊन ती सोसायटीच्या गेटपाशी, वॉचमनच्या केबिनच्या बाजूला जाऊन बसायला लागली. पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारलं, "काय, कुणाची वाट बघतेस का?" दुसऱ्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. अर्धा-पाऊण तास, चष्मा-गॉगल न लावता, सूर्याकडे न बघता, नुसतं उघड्यावर. लक्स हे उजेड मोजायचं एकक; घरातल्या दिव्यांचा उजेड शंभर ते तीनशे लक्सच्या घरात असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत मोजावा लागतो, आणि लख्ख उन्हात लाखाच्या आसपास. डोळ्यातल्या ज्या पेशी घड्याळाला निरोप देतात त्यांना हा फरक कळतो, आपल्याला कळत नाही. खिडकीच्या काचेमागे बसून हे काम अर्धंमुर्धंच होतं. बाल्कनी पूर्वेची असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर खाली उतरा.

तुमच्यासाठी आकडे मांडतो. ध्येय पाचचं ठेवू नका, सहाचंही नको. साडेबारा ते आठ एवढंच ठेवा. घरून काम असेल तर साडेनऊची मीटिंग त्यात आरामात बसते, हिंजवडी गाठायची असेल तर साडेसात. पंधरा-वीस दिवस सकाळी मोकळे मिळतील अशी सोय करा. टीमला स्पष्ट सांगा किंवा रजा टाका. पहिले तीन दिवस साडेदहाला उठायचं आणि लगेच बाहेर उजेडात. मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे. घाई केली तर तुम्ही त्या वळणबिंदूच्याही आधी उठता आणि उजेड उलटा काम करतो. रजा अजिबात शक्य नसेल आणि साडेसातला दुचाकीवर निघावंच लागत असेल, तर सुरुवातीचे दिवस नऊपर्यंत गडद गॉगल लावा आणि ऑफिसात पोचल्यावर नऊनंतर वीस मिनिटं बाहेर फिरा. डोळे मिटत असतील तर मात्र दुचाकी नको. बस किंवा रिक्षा करा.

या काळात रात्री झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, मंद पिवळ्या दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. दोन रात्री झोप कमी होईल. होऊ द्या. पण सकाळची वेळ हलवायची नाही.

संध्याकाळची बाजू सोपी आहे, पण चुकीच्या जागी भर दिला जातो. सगळे मोबाइलच्या निळ्या उजेडावर तुटून पडतात. बोस्टनमधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास पूर्ण उजेडाच्या टॅबलेटवर वाचायला लावलं. छापील पुस्तकापेक्षा झोप लागायला उशीर झाला तो जेमतेम दहा मिनिटं. घड्याळ मात्र जास्त सरकलं, दीड तासाच्या आसपास, हे खरं. पण चार तास, पूर्ण उजेड, आणि दिवसभर मंद खोलीत बसलेली माणसं, हेही लक्षात घ्या. दिवसा भरपूर ऊन घेणाऱ्याला संध्याकाळचा उजेड कमी बाधतो. मला स्वतःला मोबाइलपेक्षा डोक्यावरची पांढरी एलईडी ट्यूब जास्त खटकते. आपल्या घरांत ती रात्री बारापर्यंत ढणाढणा जळत असते, स्वयंपाकघरात तर दोन-दोन. साडेदहानंतर ती बंद, कोपऱ्यातला एक पिवळा दिवा चालू, एवढ्यावर बरंच काम होतं. मोबाइलचा खरा त्रास त्यात काय चाललंय याचा. 'आणखी एकच भाग' आणि ऑफिसच्या ग्रुपवरचा पावणेबाराचा मेसेज.

चहा. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक तीन ते सात. सहाचा कडक चहा म्हणजे अकराला अर्धा कप पोटात शिल्लक. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तर हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. दुपारी दोननंतर बंद. जेवण साडेआठच्या आत, आणि उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटभर खायचं, भूक नसली तरी. पोट आणि यकृताला आपापली छोटी घड्याळं असतात आणि ती ताटावर चालतात. व्यायाम सकाळी उजेडातच केला तर एका दगडात दोन पक्षी. रात्री दहाची जिम मात्र तुमच्यासारख्यांसाठी घातच.

रविवार हा सगळ्यात मोठा शत्रू. तीन आठवडे घासून आणलेलं दोन सकाळींत वाहून जातं, कारण रविवारी तुम्ही दुपारपर्यंत झोपता म्हणजे सकाळचा उजेड चुकवता, आणि रात्री झोपेचं ओझंही पुरेसं साचत नाही. सूट एक तासाची, त्याहून नाही. थकवा भरून काढायचा तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची वामकुक्षी घ्या. पुणेकर असाल तर त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

मेलाटोनिनबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. ती झोपेची गोळी म्हणून घेतली जाते आणि म्हणूनच वाया जाते. शरीर स्वतः मेलाटोनिन सोडायला लागतं ते झोपेच्या दोन-तीन तास आधी, अंधार झाल्याचा निरोप म्हणून. बाहेरून घ्यायचं तर तो निरोप आणखी लवकर पोचवायचा. नेहमीच्या झोपेच्या पाचेक तास आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत सुरुवातीला रात्री नऊ-दहाला, आणि अगदी कमी मात्रेत, अर्धा मिलीग्रॅमसुद्धा पुरतो. दुकानात मिळणाऱ्या गोळ्या बहुधा त्याच्या कितीतरी पट असतात आणि लोक त्या मध्यरात्री घेतात. मग सकाळी डोकं जड आणि घड्याळ होतं तिथेच. नैराश्याच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांवर असाल, फिट्स येत असतील, गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. खरं तर एरवीही विचारूनच. झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांनी माणूस लवकर आडवा होतो, पण घड्याळ हलत नाही.

इंटरनेटवर आणखी एक उपाय सापडेल: रोज तीन तास उशिरा झोपत झोपत पूर्ण चक्कर मारून रात्री अकराला येऊन थांबायचं. हाही १९८१ चाच आहे, आणि मी तो रेसिडेन्सी संपल्यावर आठवडाभर दारं-खिडक्या लावून स्वतःवर करून पाहिला. नऊ दिवस मी पहाटेचा माणूस होतो. मग एका लग्नाच्या रात्री सगळं परत. काही रुग्णांत याने घड्याळ सुटतं आणि झोप रोज आणखी उशिरा सरकतच राहते, ते परत बांधणं महाकठीण. एकट्याने करू नका.

आता बदलतं का, याचं खरं उत्तर. दीड-दोन तास बहुतेकांचं सरकतं, तीनही सरकतं, पण ते बांधून ठेवावं लागतं. सकाळचा उजेड थांबला की घड्याळ आपल्या मूळ घरी निघतं. पुण्यात हे डिसेंबर-जानेवारीत आणि ऐन पावसाळ्यात हमखास होतं. त्या दिवसांत माझ्याकडे जुने ओळखीचे चेहरे परत येतात, ओशाळलेले. ओशाळायचं काही नाही. दहा दिवस पुन्हा तीच अर्ध्या-अर्ध्या तासाची शिडी चढायची. वयही थोडं तुमच्या बाजूने आहे. झोप सर्वांत उशिरा सरकलेली असते ती विशीच्या आसपास, नंतर हळूहळू अलीकडे येते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, चांगलंच केलं; पण घड्याळ उशिराकडे झुकतं ते आठवी-नववीनंतर, आणि ती मुलं अजूनही साताच्या शाळेला पेंगतच जातात. 'लवकर निजे, लवकर उठे' लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा पंधरा वर्षांचं कुणी नसावं.

म्हणून अर्धं काम घड्याळ हलवण्याचं, अर्धं आयुष्य थोडं हलवण्याचं. मीटिंग साडेदहाला घ्या असं टीमला विचारायला काय हरकत आहे? अमेरिकेशी बोलणारी टीम असेल तर तुमची रात्र त्यांना हवीच असेल. दुपारी दोन ते दहाची पाळी तुमच्यासारख्यांना छान मानवते. रात्रपाळी मात्र 'आपण तर जागेच असतो' म्हणून पत्करू नका. पहाटे सहापर्यंत जागं राहणं तुमच्याही घड्याळाबाहेर आहे.

आईला काय सांगायचं? टांझानियात हाद्झा नावाचे लोक राहतात, अजून शिकार-कंदमुळांवर जगणारे. त्यांच्यातल्या ३३ जणांच्या झोपेची २० दिवस नोंद ठेवली, तर सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत असा वेळ भरला अवघा १८ मिनिटं. कुणी लवकरचा, कुणी उशिराचा, त्यामुळे रात्रभर कुणी ना कुणी जागं. आपल्याकडे ज्वारीच्या हंगामात माळ्यावर राखणीला कुणाला बसवायचे? साताला घोरायला लागणाऱ्याला नक्कीच नाही. ही गोष्ट आयांना पटते, निदान हसू तरी येतं. पण त्याहून जास्त पटते ती आलेखाची वही. चिंचवडच्या त्या मुलीच्या आईने वही हातात घेऊन त्या तिरक्या रेघा बोटाने मोजल्या आणि म्हणाली, "एवढा वेळ जागीच असते ही?" आळसाचा विषय त्या घरात तिथे संपला.

होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगा, आणि सासरी कळवायचं काम त्याच्याकडे द्या. आमच्या घरी बायको पहाटे साडेपाचची. मुलगी लहान असताना रात्री दोनपर्यंतचं रडणं माझं, दोननंतरचं तिचं, अशी वाटणी होती. रात्रीची भांडी, ओटा, दूध तापवणं माझ्याकडे. सकाळचे डबे तिच्याकडे. पहिलं वर्ष माझ्या आईला हे काही झेपलं नाही. मग घरात दोघंही पुरेसे झोपलेले आहेत हे तिच्या लक्षात आलं.

काही गोष्टी मात्र वहीने सुटत नाहीत. आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते, किंवा घोरता-घोरता श्वास अडकतो असं कुणी सांगितलं, तर झोपेची तपासणी करून घ्या. रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय राहवत नसेल तर रक्तातलं लोह आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघा. आपल्याकडच्या मुलींमध्ये ते कमी असणं अगदी नेहमीचं. लहानपणापासून लक्ष टिकत नाही, कामं अर्धवट राहतात असंही असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा विकार) आणि उशिराची झोप बरेचदा हातात हात घालून येतात. आणि उशिरा झोपणाऱ्यांत नैराश्य जास्त आढळतं. रात्री तीनला एकटं जागं असताना सगळं काळंच दिसतं हे मला ठाऊक आहे, पण ते दुपारीही तसंच दिसायला लागलं, जगणं नको वाटायला लागलं, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री तीनलाही लागतो.

वही आजच आणा, पण पंधरा दिवस काहीच बदलू नका, फक्त भरा. शनिवार-रविवारच्या चौकटी वेगळ्या रंगाने रंगवा. आणि शिडीची सुरुवात शनिवारी करा, सोमवारी नको. साडेदहाला उठायचा पहिला दिवस सुट्टीचा असला की तो बुडत नाही.